मुलाला बेस गिटार हवी आहे!

दिवाळी तोंडावर आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. एरवी विचारणा असते ती गळक्या नळाची, भिंतीला आलेल्या ओलीची, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची. दिवाळीत मात्र घरात चार पैसे जादा आलेले असतात आणि ते कुठे घालावेत यावर घरात चार मते झालेली असतात. फ्रिज की सोफा, अंगठी की मुदत ठेव, असे ते वाद. यंदा पालघरजवळच्या सातपाटीहून एका भगिनींचे पत्र आले आहे, त्यातला वाद मात्र वेगळा आहे. पत्रातला महत्त्वाचा भाग जसाच्या तसा देतो.

“यजमान बोईसरला कारखान्यात नोकरीला असतात. धाकटा चिरंजीव यंदा बारावी झाला. गणपतीत आणि लग्नसराईत आळीतली मुले मिळून गाणी बसवतात. त्यांना बेस गिटार वाजवणारा हवा आहे आणि ते काम ह्याने अंगावर घेतले आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला एक स्वस्तातली गिटार घेऊन दिली होती. दोन महिने वाजवली, बोटे सोलून निघाली आणि ती कपाटावर गेली. ‘तुझ्या अंगी चिकाटीच नाही,’ असे यजमान त्याला एकदा बोलून गेले. तेव्हापासून बापलेकांत तो विषय निघत नाही. आता मुलगा मला म्हणतो, ‘आई, घ्यायची तर चांगली घे, नाहीतर नकोच.’ चांगली म्हणजे किती रुपयांची? आणि चांगली घेतली तरी तो वाजवीलच कशावरून?”

ताई, तुमच्या दोन प्रश्नांपैकी पहिला बाजाराचा आहे आणि दुसरा घराचा. गंमत अशी की दोहोंचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, आणि ते दुकानाच्या किमतीच्या चिठ्ठीवर नाही. ते आहे वाद्याच्या दांडीत. कसे, ते क्रमाने पाहू.

आधी ही बेस गिटार म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. पुष्कळ घरांत गिटार म्हटली की सहा तारांची, पोकळ पोटाची, छातीशी धरून छेडायची असे चित्र डोळ्यांपुढे येते. बेस गिटार ही तिची थोरली बहीण. तिला बहुधा चार तारा असतात, त्या चांगल्या जाड असतात आणि पोट पोकळ नसून भरीव लाकडाचे असते. तिचे काम गाण्याची चाल वाजवण्याचे नसते. आपल्याकडे गवयाच्या मागे तंबोऱ्यावर खर्जाची तार बोलत असते ना, तिच्या जातीचे हे काम आहे. खर्ज बोलत असतो तोवर कोणाचे त्याकडे लक्ष जात नाही. तो थांबला की मात्र गवयाच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. बेसचे तसेच आहे, फक्त तिला स्वर धरून ठेवण्याबरोबर ढोलकाशी हातमिळवणी करून तालही सांभाळावा लागतो.

आणि खर्ज तरी केवढा! काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गवयाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला अवघे ४१ कंप घेते. म्हणून तर मोबाइलच्या चिमुकल्या कर्ण्यातून बेस नीट ऐकू येत नाही आणि ‘हा पोरगा नुसताच उभा आहे, वाजवतो काय?’ असे आजोबा विचारतात.

हे वाद्य वयानेही फार जुने नाही. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जाचे काम माणसाच्या उंचीहून मोठे डबल बेस करीत असे. ते वाहून नेता नेता वादक मेटाकुटीला येत. १९३० च्या दशकात अमेरिकेत सिॲटल येथे पॉल टटमार्क यांनी पडदे असलेला विजेवरचा लहान बेस करून पाहिला होता, पण तो फारसा पसरला नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला आणि खर्ज गळ्यात अडकवून हिंडता येऊ लागला. ‘प्रिसिजन’ म्हणजे अचूकपणा. दांडीवर धातूचे पडदे बसवल्यामुळे बोट थोडे इकडेतिकडे पडले तरी स्वर नेमका लागतो, म्हणून हे नाव. हे फेंडर पेशाने रेडिओ दुरुस्त करणारे होते आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! १९६० साली त्यांच्याच कारखान्यातून ‘जॅझ बेस’ निघाला. आज जगातल्या कोणत्याही दुकानात जा, भिंतीवर टांगलेल्या बेसपैकी पुष्कळ या दोन नमुन्यांवरच बेतलेले दिसतील. आपल्या मुंबईच्या चित्रपटसंगीतातही हे वाद्य लवकरच रुळले. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांची बेस गिटार होती. ती ऐकलेली नाही असे मराठी घर सापडणे कठीण, मग वादकाचे नाव माहीत नसेना का!

आता कपाटावरच्या गिटारीकडे वळू. ताई, ती खाली काढा, धूळ पुसा आणि एक काम करा. शाळेची पोलादी पट्टी घेऊन दांडीच्या मध्यावर, म्हणजे बाराव्या पडद्याजवळ, तार आणि पडदा यांत किती अंतर आहे ते मोजा. स्वस्तातल्या वाद्यांत हे अंतर चार-पाच मिलिमीटर भरते, कधी त्याहून जास्त. सहा तारांच्या गिटारीला त्याच्या निम्म्याने काम भागते. तार जितकी उंच, तितका ती दाबायला जोर अधिक. आणि इतके दाबल्यावर ती ताणली जाऊन स्वर चढतो तो वेगळाच. म्हणजे बोट सोलून निघते आणि एवढे करून निघणारा स्वर बेसूर असतो. अशा वाद्यावर शिकणे म्हणजे भोक पडलेल्या होडीतून वल्हवायला शिकणे. पोर दमते, होडी पुढे जात नाही आणि काठावरची मंडळी म्हणतात, ‘ह्याच्या दंडात जोर नाही!’

तुमच्याकडचे माप काय भरेल ते आम्ही इथे बसून सांगू शकत नाही. पण मोजल्याशिवाय मुलाच्या चिकाटीवर शिक्का मारणे न्यायाचे नाही, एवढे मात्र निश्चित. घरोघरी असे होते. वाद्याचा दोष मुलाच्या नावावर जमा होतो आणि मूल तो खरा मानून मुकाट बसते.

हे आपल्याला नवे वाटू नये. आपल्याकडे तंबोऱ्याची जवारी काढणे ही एक स्वतंत्र विद्या आहे. मिरजेत शस्त्रे घडवणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळली आणि त्यांच्या वंशजांनी मिरजेचे नाव देशभर नेले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला कारागीर भोपळा, दांडी, घोडी सगळे उत्तम जुळवतो; तरी घोडीचा माथा कानसून जवारी नीट निघेपर्यंत तंबोरा गाऊ लागत नाही. लाकूड तेच, तारा त्याच, पण केसाएवढ्या फरकाने ठक्क बोलणारे वाद्य गुंजू लागते. बेस गिटारलाही अशी एक जुळणी लागते. कारखान्यातून वाद्य निघते तेव्हा ती वरवर केलेली असते. पेटीतून, बोटीतून, गोदामातून आपल्यापर्यंत येईतो तीही बिघडते. महागडे वाद्य जुळणीवाचून रडते आणि मध्यम किमतीचे वाद्य चांगल्या जुळणीने गाते. म्हणून ‘चांगली म्हणजे किती रुपयांची’ या प्रश्नाला आमचे उत्तर असे : जिची दांडी सरळ आहे आणि जी जुळवता येते, ती चांगली.

आजच्या बाजारात पंधरा-वीस हजारांच्या आसपास शिकाऊ मुलाला पुरेल असा बेस मिळू शकतो आणि नामांकित अमेरिकन बनावटीचा घ्यायचा तर दोन लाखही पुरत नाहीत. मधल्या किमतीची पुष्कळ वाद्ये इंडोनेशिया आणि चीनमध्ये होतात. त्यावरून नाक मुरडण्याचे कारण नाही. नावाचा छाप डोक्यावर असतो आणि वाजवायचे असते दांडीवर.

सातपाटीच्या बाईला पापलेट कसे निवडावे हे कोणी शिकवायला नको. ज्या सातपाटीच्या नावाने पापलेट ओळखले जाते आणि ज्या पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राने राज्यमासा म्हणून मान दिला, त्या गावची गृहिणी पाटीतल्या माशाच्या चकाकीवर जात नाही. ती कल्ला उचलते, पोट दाबते आणि मग भाव विचारते. बेसचेही तसेच करावे. तिचे कल्ले कुठे असतात, तेवढे सांगतो.

पहिली दांडी. वाद्य पोटाकडून डोळ्याशी धरून दांडीच्या कडेवरून टोकाकडे नजर टाकावी, सुतार फळी पाहतो तशी. दांडी पिळलेली दिसली, म्हणजे एक कड वर आणि दुसरी खाली जाते आहे असे वाटले, तर ते वाद्य तिथेच ठेवावे. पीळ सहसा दुरुस्त होत नाही. किंचित पुढे वाकलेली असेल तर मात्र घाबरू नये, ती सरळ करण्याची सोय आत असते.

ही सोय म्हणजे ‘ट्रस रॉड’, दांडीच्या पोटात बसवलेली पोलादी सळई. चार जाड तारांचा मिळून ताण सुमारे ८० किलोंच्या घरात जातो. एक मोठा माणूस दिवसरात्र दांडीला लोंबकळत आहे असे समजा! त्या ओढीला ही सळई उलट जोर देते. दुकानदाराला विचारावे, ‘सळई दोन्हीकडे फिरते का? फिरवून दाखवा.’ जी सळई आधीच शेवटपर्यंत आवळलेली आहे किंवा जाम झाली आहे, तिच्या वाद्याला पुढे आयुष्य नाही. जुने वाद्य घेताना तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

दुसरे पडदे. दांडीच्या दोन्ही कडांवरून तळहात हलकेच फिरवावा. पडद्यांची टोके बोचली तर लाकूड सुकून आकसले आहे असे समजावे. मग प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा एकेकदा वाजवून पाहावा. चार तारा, वीस पडदे, म्हणजे ऐंशी स्वर. पाच मिनिटांचे काम. दुकानदार कंटाळला तरी आपण कंटाळू नये. कुठे तार खडखडते का, कुठे स्वर चटकन मरतो का, ते ऐकावे. बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास स्वर थोडा लवकर विरणे हे पुष्कळ चांगल्या वाद्यांतही आढळते. पण तो ‘टप’ असा पडून मरत असेल तर दुसरा नग मागावा. एकाच नमुन्याचे दोन नग सारखे नसतात. लाकूड आहे ते.

तिसरे वजन आणि माप. पट्टा गळ्यात घालून उभे राहावे आणि हात सोडून द्यावेत. दांडी जमिनीकडे झुकू लागली तर तीन तासांच्या कार्यक्रमात डावा हात वाजवणार कधी आणि ती सावरणार कधी? बेसचे वजन चार किलोंच्या आसपास असते. पाचाकडे झुकणारे वाद्य वाढत्या वयाच्या खांद्याला नको. तारेची बोलती लांबी साधारण ३४ इंच असते. हात लहान असेल तर ३० इंचांचे आखूड बेसही मिळतात आणि त्यात कमीपणा काही नाही.

चौथे म्हणजे वीज. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. पोलादी तार त्यावर हलली की वेटोळ्यात प्रवाह उठतो आणि तोच ध्वनिवर्धकातून स्वर होऊन बाहेर पडतो. दुकानात सगळ्या खुंट्या-बटणे फिरवून पाहावीत. फिरवताना खरखर नको. काही बेसच्या पोटात ९ व्होल्टची बॅटरी असते. त्यांचा आवाज जोमदार असतो. पण वाजवून झाल्यावर वायर उपसून ठेवावी लागते, नाहीतर बॅटरी रात्रभर जळत राहते. पहिल्या बेसला ही बॅटरी नसलेली बरी. बिघडायला एक वस्तू कमी.

खरेदीला मुलाला बरोबर न्यावे आणि शक्य तर वाजवणारा कोणीतरी जाणता सोबत घ्यावा. पालघरहून लोकलने मुंबई गाठून मरीन लाइन्सला उतरले की धोबीतलाव जवळच आहे. १८६५ साली सुरू झालेल्या फुर्तादोंच्या दुकानामुळे तो भाग वाद्यांसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. घरबसल्या मागवलेले वाद्य स्वस्त पडते खरे, पण पाटीतला मासा न पाहता घेण्यासारखे ते आहे. मागवायचेच तर परत करण्याची मुदत आधी वाचावी आणि त्या मुदतीत वरचे चारही कल्ले तपासून घ्यावेत.

वाद्य घरी आले, म्हणजे अर्धेच काम झाले. आता जुळणी. ती कारागिराकडून करून घ्यावी हे उत्तम; पण मुलाला तिचा क्रम ठाऊक असलाच पाहिजे, कारण ती वर्षातून दोनदा करावी लागणार आहे. हा क्रम उलटा करू नये.

प्रथम नव्या तारा चढवून त्या स्वरात लावाव्यात, कारण ताणाखाली दांडी कशी बसते हेच तर पाहायचे आहे. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून धरावी. ती सरळ दोरी झाली. आता सातव्या-आठव्या पडद्याशी तिच्याखाली किती फट उरते ते पाहावे. सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट असावी. फट जास्त असेल तर सळई आवळावी, अजिबात नसेल तर सैल करावी. एका वेळी पाव फेरा, त्याहून अधिक नाही. मग पुन्हा स्वर लावून पुन्हा पाहावे. जोर लावावा लागला तर हात आवरावा आणि जाणकाराकडे जावे. सळई तुटली तर दांडी गेली, आणि दांडी गेली म्हणजे वाद्य गेले.

दांडी बसली की तारांची उंची. घोडीवरच्या लहान स्क्रूंनी प्रत्येक तार वरखाली होते. सतराव्या पडद्याशी तार आणि पडदा यांत दोन ते अडीच मिलिमीटर अंतर ठेवावे, जाड तारेला थोडे अधिक. ज्याचा हात जोरकस आहे त्याला जरा उंच लागते; तार खडखडू लागली की तीच आपण होऊन सांगते.

त्यानंतर स्वराची बोलती लांबी. बाराव्या पडद्यावर तारेला बोट नुसते टेकवून छेडले तर एक घंटेसारखा स्वर निघतो. तिथेच तार दाबून वाजवली तर दुसरा. दोन्ही तंतोतंत एक असले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडीचा तुकडा मागे सरकवून तार लांब करावी, उतरा असेल तर पुढे आणावी. तंबोऱ्याचा मणी सरकवून स्वर मिळवणाऱ्याला हे सांगायला नकोच. आता तर मोबाइलवर स्वर दाखवणारी यंत्रे फुकट मिळतात. तरी आधी कानाने मिळवावे आणि मग यंत्राला विचारावे.

शेवटी चुंबक. शेवटच्या पडद्यावर तार दाबून तिच्या आणि चुंबकाच्या मध्ये अडीच-तीन मिलिमीटर राहतील असे पाहावे. अधिक जवळ आणले तर आवाज मोठा येतो खरा, पण चुंबक तारेलाच ओढू लागते आणि स्वर डगमगतो.

एवढे केल्यावर त्याच मुलाच्या हातात तेच वाद्य द्या आणि फरक पाहा.

सातपाटीच्या हवेविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे आणि ते वसई, डहाणू, अलिबाग, रत्नागिरी अशा सगळ्या किनाऱ्यालाच लागू आहे. खाऱ्या वाऱ्याने होडीचे खिळे खाल्ले जातात तिथे गिटारीच्या तारांची काय कथा! वाजवून झाल्यावर प्रत्येक तार वरून आणि खालून कोरड्या सुती फडक्याने पुसावी. भिंतीवर टांगून ठेवण्याची हौस समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीत करू नये. वाद्य पेटीत ठेवावे आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. घोडीचे स्क्रू गंजून धरले की पुढची जुळणी अडते, म्हणून महिन्याकाठी त्यांवरूनही फडके फिरवावे. ज्या तारांवर गोल तारेचा वेढा असतो त्यांच्या खाचांत घाम आणि खार साठतो. चपट्या वेढ्याच्या तारा गुळगुळीत असतात, त्या जास्त टिकतात आणि बोटांनाही मऊ लागतात. त्यांचा आवाज थोडा मवाळ येतो. पण डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन यांनी अशाच चपट्या तारांवर १९६० च्या दशकातली कितीतरी गाणी गाजवली, तेव्हा मवाळपणाला नावे ठेवायला नकोत.

पावसाळ्यात लाकूड पाणी पिते, थंडीत सोडते आणि दांडीची वाकण बदलते. मासेमारी बंद असते तेव्हा होड्या ओढून डागडुजी करतात, जाळी तुणतात. तशीच वाद्याची एक जुळणी आषाढात आणि दुसरी दिवाळीनंतर थंडी पडली की करावी. या नेमाने पंधरा हजारांचे वाद्य पंधरा वर्षे जाते.

एक गोष्ट मात्र हौसेची नसून जिवाची आहे. बेसच्या तारा घोडीमधून ध्वनिवर्धकाच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घरातली किंवा मांडवातली अर्थिंग सदोष असेल आणि वाजवणाऱ्याचे ओठ मायक्रोफोनला लागले तर जबर धक्का बसू शकतो. ओल्या हवेत, ओल्या जमिनीवर, अनवाणी पायांनी तर अधिकच. ध्वनिवर्धकाच्या प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नये, घरच्या अर्थिंगची तपासणी जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा. गणपतीच्या मांडवात वाजवण्याआधी हाच प्रश्न मंडळाला विचारण्याचा हक्क मुलाच्या आईला आहे. ‘आमच्या पोराला वाजवू द्यायचे तर आधी अर्थिंग दाखवा,’ असे खुशाल म्हणावे. ध्वनिवर्धकही बेससाठीच केलेला घ्यावा. घरच्या टेपच्या कर्ण्याला बेस जोडला तर कागद फाटून बसतो. सरावाला लहान ध्वनिवर्धक पुरे. रात्री हेडफोन लावावा आणि तोही हळू. खर्ज भिंती ओलांडतो, म्हणून शेजारधर्म सांभाळावा.

आता पैशांची वाटणी. समजा तुम्ही २५ हजार रुपये काढले आहेत. सगळे वाद्यावर घालू नका. पंधरा-सोळा वाद्याला, पाच-सहा लहान ध्वनिवर्धकाला आणि उरलेले जुळणी, जादा तारांचा एक संच, चांगला रुंद पट्टा आणि पेटी यांसाठी राखून ठेवा. चाळीस हजारांचा बेस आणि जुळणीला शून्य, यापेक्षा ही वाटणी शतपट बरी.

ज्यांच्या घरी मुलगी हा हट्ट धरून बसली असेल त्यांनी वरचे सगळे तिलाही लागू समजावे. लॉस एंजल्सच्या स्टुडिओंत १९६० च्या दशकात कॅरल के या बाईंनी बेसवर अगणित गाणी वाजवली आणि आपल्या मुंबईत १९९६ साली जन्मलेली मोहिनी डे ए. आर. रहमान यांच्यापासून झाकिर हुसेन यांच्यापर्यंत मोठमोठ्यांच्या साथीला बेस घेऊन उभी राहिली. ‘एवढे जड वाद्य मुलीला कसे पेलवेल’ ही शंका घेण्यापूर्वी, पाण्याची कळशी कोण उचलते ते आठवावे.

राहिला ताईंचा दुसरा प्रश्न : चांगली घेतली तरी तो वाजवीलच कशावरून? याची हमी आम्ही देऊ शकत नाही, दुकानदारही देऊ शकत नाही. पण नीट जुळवलेले वाद्य हातात असताना सहा महिन्यांनी त्याने ते ठेवून दिले, तर ती त्याची निवड असेल आणि तशी ती मान्य करता येईल. शिवाय चांगल्या स्थितीतल्या वाद्याला गिऱ्हाईकही मिळते. बिघडलेल्या वाद्यावर मात्र मुलाची परीक्षाच होत नाही. आणि यजमानांना आमच्या वतीने एक निरोप सांगावा. कारखान्यात यंत्र नीट चालेना तर आधी कामगाराला बोल लावतात, की यंत्राची जुळणी तपासतात? बोईसरच्या कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांना याचे उत्तर आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असणार. तेव्हा जुळणीचे काम शिकण्यासाठी मुलाबरोबर त्यांनीच बसावे. पाव मिलिमीटरचा फरक ओळखणारी नजर आणि स्क्रूवर बेताने पडणारा हात त्यांच्याकडे आधीपासूनच आहे. स्वर कोणता ते मुलगा सांगेल, फेरा किती द्यायचा ते वडील सांगतील.

खरेदीची घाई मात्र करू नये. दिवाळीच्या आठवड्यात दुकानांत गर्दी असते आणि ऐंशी स्वर ऐकायला कोणी जागा देत नाही. पाडव्याला मुलाच्या हातावर पैशांचे पाकीट ठेवावे आणि वाद्य तुळशीच्या लग्नानंतर एखाद्या निवांत दिवशी, सकाळी दुकान उघडताच जाऊन घ्यावे. तोवर हवाही कोरडी झालेली असेल आणि दांडी आपले खरे रूप दाखवील.